माळवदाचं घर न पाडता राहण्याजोगं करणं आणि मागे वाढवणं

तेरणाकाठ | १६ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं माळवद आहे, म्हणजे लाकडी खांब-तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर, अठरा खणांचं (खण म्हणजे खांबांमधला गाळा). समोर ढेलज (दारालगतची देवडी), मग उघडा चौक, चौकाला तिन्ही बाजूंनी ओसरी, आत माजघर, देवघर आणि बळदाची, म्हणजे धान्य साठवायची, अंधारी खोली. खांब सागवानी, तुळया काही सागवानी तर काही लिंबाच्या. भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या, अडीच फूट रुंद. बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. आता आम्ही दोघं लातूरचं भाड्याचं घर सोडून मुलीला घेऊन कायमचे गावी येतोय, त्यामुळे घराचा निर्णय आणखी लांबवता येत नाही.

भेटेल तो एकच सांगतोय, पाडा आणि स्लॅब टाका. दोन ठेकेदार येऊन गेले. दोघांनीही माजघरात पाऊल न टाकता ढेलजेत उभं राहूनच भाव सांगितला. जुन्या लाकडाचा एक व्यापारी तर खांब मोजून गेला. तो खांबावरच्या कोरीव हस्तांवरून (तुळईखालच्या लाकडी आधारांवरून) हात फिरवत होता तेव्हा आई उठून आत निघून गेली.

अडचणी खऱ्या आहेत. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत ओसरी सात जागी गळली, घरातल्या पराती आणि घमेली कमी पडली. उत्तरेच्या भिंतीला पोट आलंय. न्हाणीजवळच्या खांबाचा बुडखा काळा पडलाय. संडास परसात, रात्री पावसात आईला चिखलातून जावं लागतं. माजघरात भरदुपारी दिवा लागतो. पूर्वी माळवदाला साणं, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक, होतं, बाबांनी पाणी येतं म्हणून त्यावर फरशी टाकून ते बुजवलं.

आणि एक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमची मागची भिंत बाहेरच्या बाजूला ढासळली, पण माळवद खांबांवर तसंच उभं राहिलं. आम्ही सगळे त्याच माजघरात झोपलो होतो, मी सहा वर्षांची होते. त्या दिवसापासून आई माजघरात झोपलेली नाही. तिची बाज ओसरीच्या कडेला, उशाला बॅटरी.

मला हे घर ठेवायचंय, आणि आईला त्या छताखाली निर्धास्त झोप लागेल असं करून ठेवायचंय. कुणी केलंय का असं काम? सुरुवात कुठून करायची?

रंधा | १६ नोव्हेंबर

ताई, आधी एकही रुपया खर्च करू नका, आधी लाकूड तपासा. माझे वडील अंबाजोगाईकडे सुतारकी करायचे, त्यांच्याबरोबर अशी वीसेक माळवदं बघितली असतील. माळवदाचं लाकूड तीन जागी मरतं. खांबाचा बुडखा, जिथे तो तळखड्यावर, म्हणजे खालच्या बैठकीच्या दगडावर, बसतो. तुळईचं भिंतीत गेलेलं तोंड. आणि पन्हाळीच्या आसपासच्या कड्या. मधलं लाकूड शंभर वर्षांनीही रंध्याखाली तेल सोडतं.

हातोडीच्या दांड्याने प्रत्येक खांब खालून वर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर बरं. भदभद आवाज आला तिथे खडूने खूण करा आणि पटाशी लावून बघा. अर्ध्या इंचावर पटाशी अडली तर वरवरचं आहे, बोटभर सहज गेली तर तेवढा भाग गेला. तुळईच्या तोंडासाठी भिंतीचा एखादा दगड काढावाच लागेल, बाहेरून काही कळत नाही. न्हाणीजवळचा खांब मी न बघताच सांगतो, खालचा दीड-दोन फूट बदलावा लागणार. पण म्हणून अख्खा खांब कुणाला काढू देऊ नका.

पायाभरणी | १७ नोव्हेंबर

मी लातुरात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. फोटो बघून कुणाचंही घर सुरक्षित आहे असं सांगणार नाही, तुम्हीही कुणाचं तसं ऐकू नका. पण तुमच्या वर्णनात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आलीच आहे. भिंत पडली आणि छत उभं राहिलं. म्हणजे मागच्या बाजूला छताचा भार भिंतीवर नव्हता, खांबांवर होता.

म्हणून पहिला प्रश्न. चारी बाजूंच्या भिंतींत खांब आहेत का? काही घरांत मधले खांब असतात, पण कडेच्या तुळयांची तोंडं नुसती भिंतीवर टेकवलेली असतात. भूकंपात अशा घरांची भिंत सुटली की छत खाली आलं. जिथे भिंतीला लागून आतून पूर्ण लाकडी सांगाडा होता तिथे छत पुष्कळदा तगलं. तुमच्या उत्तर भिंतीत काय आहे ते आधी उघडून बघा.

दुसरं, डोक्यावरचं वजन. माळवदाची माती कुणी कधी काढत नाही, दर उन्हाळ्यात नवा थर चढवतात. आजोबांनी चढवला, वडिलांनी चढवला. समजा छत ६०० चौरस फूट आणि माती दीड फूट. ९०० घनफूट, म्हणजे ९ ब्रास. चोपलेली कोरडी माती ब्रासला साडेचार टन धरा, झाले चाळीस टन. पावसात भिजली की आणखी. हादऱ्याचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. मातीचा थर सहा इंचांवर आणलात तर तेच वजन साडेतेरा टनांवर येतं. घराला एवढा फायदा दुसऱ्या कुठल्याच एका कामाने होणार नाही.

तिसरं, भिंतीला पोट का येतं. ही रुंद भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मध्ये दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव. दोघींना बांधणारा आरपार दगड, ज्याला गवंडी हेडर म्हणतात, तो पुष्कळ ठिकाणी घातलेलाच नसतो. पाणी मुरलं की भराव खाली बसतो आणि बाहेरची भिंत फुगते. १९९३ नंतर इकडे दुरुस्ती आणि बळकटीकरणाचं मोठं सरकारी काम झालं, तेव्हाची पद्धत आजही चालते. ठराविक अंतरावर भिंतीला आरपार भोक, त्यात आकडा केलेली सळई आणि काँक्रीट. पोट फार सुटलेला भाग मात्र उतरवून नव्यानेच बांधायचा.

बालाघाट | १७ नोव्हेंबर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझी आजी, चुलती आणि दोन चुलत भावंडं त्याच भूकंपात माळवदाखाली गेली. गणपती विसर्जनाहून दमून येऊन झोपली होती सगळी. तीन दिवस माती उपसत होतो आम्ही. ती पांढरी माती नाकातोंडात गेली की माणूस ओरडूही शकत नाही. त्यानंतर मी माळवदाखाली रात्र काढलेली नाही, पाहुण्यांकडेसुद्धा नाही.

तुमच्या आईंना काय वाटत असेल ते मला माहीत आहे. त्यांना विचारा. त्या हो म्हणाल्या तरच करा.

तेरणाकाठ | १८ नोव्हेंबर

दादा, राग कसला. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्येंची माणसं मातीनं मेली. आपल्याला खांबानं राखलं. माती काढा, खांब ऱ्हाऊ द्या." पायाभरणी सरांचं ब्रासचं गणित तिला सांगितलंही नव्हतं.

मन्याडखोरं | २० नोव्हेंबर

कंधारकडे आम्ही चार वर्षांपूर्वी हे काम केलं. आमच्या दोन चुका सांगतो, तुमच्या टळतील.

पहिली, प्लास्टिक. गळती थांबावी म्हणून माती अर्धी उतरवून ताडपत्री अंथरली आणि वर पुन्हा माती टाकली. पहिलं वर्ष छान गेलं. तिसऱ्या वर्षी खालून फळ्यांना बुरशी दिसायला लागली. वरचं पाणी येत नव्हतं, पण चुलीची, आंघोळीची, माणसांच्या श्वासाची वाफ ताडपत्रीला अडून फळ्यांतच मुरत होती. सागवान तगलं, आंब्याच्या फळ्या गेल्या.

दुसरी चूक सिमेंट. एका ठेकेदाराने मातीच्या भिंतीला आतबाहेर सिमेंट गिलावा केला, गुळगुळीत दिसतो म्हणून. जोत्यातून चढलेली ओल आत कोंडली, लोणा लागला, म्हणजे क्षार फुलून आला, आणि दोन वर्षांत गिलावा पत्र्यासारखा सुटून आला. सोबत भिंतीची मातीही घेऊन आला. आता सगळा काढून चुन्याचा केलाय. चुना महिनाभर भिजवलेला, त्यात बारीक वाळू. बाहेरून चुना, आतून माती-शेणाचा हात आणि वर चुन्याची सफेदी. भिंत कोरडी आहे.

पांढर | २० नोव्हेंबर

कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, कुणाच्या नावावर आहे? आत्या, काका यांचे हिस्से आहेत का? आमच्याकडे जालना जिल्ह्यात निम्मं काम झाल्यावर चुलत्यांनी अर्ज दिला आणि पावसाळाभर छत उघडं राहिलं. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून घ्या, मागे वाढवायचं म्हणजे हद्द लागणारच. ग्रामपंचायतीची परवानगीही आधीच घ्या.

तेरणाकाठ | ११ जानेवारी

सगळ्यांचे आभार, काम सुरू झालंय. सविस्तर लिहिते, पुढच्या माणसाला उपयोग होईल.

लाकूड तपासायला निलंग्याकडचे एक सत्तरीचे सुतारबाबा आले. दोन दिवस नुसते ठोकत फिरले. चोवीस खांबांपैकी तीन बुडातून गेलेले, पाच तुळयांची तोंडं वाळवीने खाल्लेली, बाकी ठणठणीत. उत्तर भिंतीत खांब सापडले, चारही. त्यावर आमच्या इंजिनिअर बाईंनी पहिल्यांदा "मग करू या" म्हटलं.

आधी खालून बल्ल्या आणि लोखंडी जॅक लावून प्रत्येक तुळईला टेकू दिला. मग माती. ती एका टोकापासून काढत जायची नाही, नाहीतर भार एकीकडे कलतो. चारही बाजूंनी थोडी थोडी, थराथराने. काढलेली माती छतावर ढीग करून ठेवायची नाही. ओसरीवर बावीस इंच निघाली, देवघरावर चौदा. कापलेल्या कडेला वर्षावर्षाचे थर दिसत होते, राखाडी, पिवळट, मध्येच एक काळसर. आई म्हणाली, काळसर थर बहात्तरच्या दुष्काळाच्या साली पांढर मिळाली नाही तेव्हाचा, शेतातली माती चढवली होती.

पांढरी माती म्हणजे जुन्या वस्तीची माती. घमेल्यागणिक खापऱ्या निघत होत्या. एक निळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला, पेरभर. मुलीने धुऊन कंपासपेटीत ठेवलाय. कुणाच्या हातातली असेल, किती शतकांपूर्वीची असेल, आणि आमच्या डोक्यावर पन्नाससाठ वर्षं होती.

सगळ्यात खाली लिंबाच्या काटक्या आणि पाल्याचा भुगा, त्याखाली फळ्या. जिथे पाला नीट पसरलेला होता तिथली फळी कोरी होती.

खांबाचं काम मी पूर्ण दिवस बसून बघितलं. न्हाणीजवळचा खांब जॅकवर बोटभर उचलला आणि सुतारबाबांनी कुजका भाग करवतीने तिरका कापला. खालचं लाकूड हातात चुरलं, चहाच्या भुकटीसारखं. वरच्या कापावर मात्र लालसर चकचकीत सागवान. ते म्हणाले, "बगा मालकीणबाई, वरनं लोखंड हाय." जुन्याच तुळईच्या तुकड्यातून नवा बुडखा घडवला, एकमेकांत बसणारा लांब तिरका सांधा केला, दोन बोल्ट आरपार. तळखडा आता जमिनीवर नऊ इंच वर घेतलाय, दगड आणि लाकडाच्या मध्ये शिशाचा पत्रा. फरशी धुतली तरी पाणी लाकडाला लागणार नाही.

रंधा | ११ जानेवारी

सांध्याचं ऐकून बरं वाटलं. माझ्या वडिलांना असा सांधा करायला अख्खा दिवस लागायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, एवढा वेळ कशाला, काँक्रीट भरा. खांबाच्या बुडाला काँक्रीटचं बूट कधीच घालू नका. आत पाणी साचतं आणि लाकूड भांड्यात भिजत घातल्यासारखं कुजतं.

पायाभरणी | १२ जानेवारी

खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू घेताय ना? हा सांगाडा उभा भार उत्तम घेतो, पण आडव्या हादऱ्याला खांब तळखड्यावर नुसता टेकलेला आणि वर तुळईत नुसता बसवलेला. दोन्ही बाजूंना दोन-अडीच फुटांचे तिरपे टेकू बोल्टने पक्के केले की तो हलताना सोबत हलतो, सुटत नाही. ओसरीचं रूप बिघडेल असं वाटत असेल तर हस्तांच्या मागच्या अंगाला घ्या.

तेरणाकाठ | १२ जानेवारी

घेतलेत सर. हस्तांच्या मागेच.

सिंदफणा | १५ जानेवारी

छतावर पुन्हा मातीच टाकणार की पत्रा? बीडकडे हल्ली सगळे माळवदावर पत्र्याचं शेड उभं करतात.

मन्याडखोरं | १५ जानेवारी

आम्ही शेवटी तेच केलं. माती पाच इंच ठेवली आणि वर दीड फूट मोकळी जागा सोडून पत्रा, चारी बाजूंनी हवा खेळती. मातीने गारवा दिला, पत्र्याने पाऊस अडवला. पण पत्र्याचे खांब तुळयांना बोल्टने बांधा, दगड ठेवून भागत नाही. मे महिन्याच्या वळवाच्या वाऱ्यात शेजाऱ्याचा पत्रा आमच्या चौकात आला होता.

तेरणाकाठ | १६ जानेवारी

आम्ही दोन्ही केलंय, जागेनुसार. माजघर आणि देवघरावर मन्याडखोरंसारखंच, पाच इंच माती आणि वर हवेशीर पत्रा. तिथे चौकातून वर दिसतही नाही. ओसरीवर मात्र मेहनतीने केलं. फळ्यांवर लिंबाच्या काटक्या, चार इंच माती चोपून आणि वर चुन्याचा कोबा, पन्हाळीकडे चांगला उतार देऊन. दर उन्हाळ्यात तडे बघून चुन्याने भरावे लागतील. ती कामं आम्ही करणार आहोत, म्हणूनच तर गावी राहायला आलोय. बुजवलेलं साणंही उघडलं, त्यावर उंच कठडा आणि जाड काच. सकाळी दहाला माजघरात उन्हाचा चौकोन पडतो.

गोदावरीतीर | १९ जानेवारी

नवीन बांधकाम जुन्याला जोडून आहे का? आमच्या पैठणच्या वाड्याला आम्ही मागून आरसीसी खोली जोडली, स्लॅबची एक बाजू जुन्या भिंतीवर टेकवली. दोन पावसाळ्यांत उभी चीर गेली, बोट जाईल एवढी.

पायाभरणी | १९ जानेवारी

जाणारच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. जुन्याचा पाया एका खोलीवर, नव्याचा दुसऱ्या, दोघं वेगवेगळे वर-खाली होतात. भूकंपात तर लाकूड आणि काँक्रीट दोन निराळ्या तालांवर हलतात आणि एकमेकांना धडका देतात. नवं बांधकाम स्वतःच्या पायावर, स्वतःच्या खांबांवर, आणि दोघांत फट. फटीवर एका बाजूनेच पक्की केलेली पट्टी.

तेरणाकाठ | २३ मार्च

आमचं तसंच आहे. परसात नवी बाजू बांधली, तीन खोल्यांची. पाण्याची जेवढी कामं आहेत तेवढी सगळी तिकडे, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास. जुन्या घरात आता एकही नळ नाही. वरची टाकीही नव्या बाजूवर. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, ती माळवदावर ठेवायचा आग्रह प्लंबरने धरला होता. मध्ये दोन इंचांची फट आणि तीन पावलांचा झाकलेला बोळ. आईला रात्री पायरी उतरावी लागत नाही, बोळाला कठडा आणि दिवा आहे.

जुन्या भागात वीज भिंत न फोडता उघड्या पाइपमधून घेतली. लाकडाचं घर म्हणून विजेच्या गळतीला लगेच तुटणारा ब्रेकर सगळ्यात आधी बसवला.

खर्च बऱ्याच जणांनी विचारलाय. एकूण खर्चाचे चार भाग केले तर दोन नव्या बाजूला गेले, एक भिंतींना आणि एक लाकूड व छताला मिळून. लाकूड जवळजवळ विकत घ्यावंच लागलं नाही, मजुरी लागली. आणि वेळ लागला. ज्यांना घरकुलाच्या सरकारी अनुदानातच सगळं बसवायचंय त्यांना मी कसं सांगू, पाडू नका म्हणून? फक्त एवढी विनंती, पाडायच्या आधी माती काढून एकदा सांगाडा बघा.

बालाघाट | २४ मार्च

ताई, फोटो बघितले. मातीचा थर खरंच एवढाच आहे?

तेरणाकाठ | २४ मार्च

हो दादा. ओसरीच्या कडेला एक फळी मुद्दाम उघडी ठेवलीय, थर दिसावा म्हणून. कधी औशाकडे आलात तर या, हाताने मोजा.

बालाघाट | २४ मार्च

येईन. दिवसा.

तेरणाकाठ | २ एप्रिल

परवा रात्री अवकाळी झाला, गारांसकट, तासभर. ओसरीत एक जागा गळली, पन्हाळीच्या तोंडाशी, तिथला कोबा पुन्हा करावा लागेल. बाकी कोरडं. पाण्याची धार चौकात पडताना ऐकत आम्ही जागेच होतो.

आईची बाज अजून ओसरीतच आहे. दुपारी मात्र ती माजघरात साण्याखाली आडवी होते, दार उघडं ठेवून. काल दोन तास झोपली.

सिंदफणा | ३ एप्रिल

ताई, वाळवीला काय मारलंत? आमच्या खांबांना आजोबा काळं ऑइल लावायचे, वास वर्षभर जात नाही.

रंधा | ३ एप्रिल

काळं ऑइल घरात नको, ते पेटतंही लवकर. आतल्या कोरड्या लाकडाला टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर. दहा लिटर कोमट पाण्यात सहाशे ग्रॅम टाकणखार, चारशे ग्रॅम बोरिक. ब्रशने दोन-तीन हात, पहिला सुकू द्यायचा. सांधे आणि तुळईची तोंडं विसरू नका. हातमोजे आणि मास्क वापरा, लेकरांना लांब ठेवा. पूर्ण वाळलं की वर जवसाचं तेल. पावसात भिजणाऱ्या लाकडाला याचा उपयोग नाही, पाण्याबरोबर धुऊन जातं. आणि जमिनीतून येणारी वाळवी यानेच थांबेल असं समजू नका, जोत्याच्या कडेने माणूस बोलावून वेगळी फवारणी करून घ्या.

सिंदफणा | ३ एप्रिल

जवसाचं तेल कच्चं की उकळलेलं?

रंधा | ३ एप्रिल

रंगाच्या दुकानातलं उकळलेलं. कच्चं आठवडाआठवडा चिकट राहतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून चौकात पसरून वाळवा, मगच टाका.